लोखंडी खुर्चीवरचे चाचा

चाचा जन्मभर लाकूड विकत होते आणि बसत होते लोखंडी खुर्चीवर. पत्र्याची, हिरवा रंग उडालेली खुर्ची. सोलापूरच्या उन्हात ती तव्यासारखी तापायची. एखादं नवीन गिऱ्हाईक हसून विचारायचं, "काय चाचा, एवढी मोठी वखार आन बसायला लोखंड?" त्यावर चाचा म्हणायचे, "दिवसभर लाकडाला कापतो, विकतो. वर परत त्याच्या उरावर बसू व्हय?" मग खुर्चीवर ओलं गोणपाट टाकायचे आणि पुन्हा बसायचे.

मी त्यांच्या वखारीत भुसा भरत होते. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो घरी बसला, मग मी बाहेर पडले. करवतीखाली साठलेला भुसा फावड्यानं ओढायचा, पोत्यात भरायचा, कोंबड्यांच्या शेडवाल्यांना आणि वीटभट्टीवाल्यांना द्यायचा. माझी शाळा चौथीपर्यंत झाली होती, म्हणून आणखी एक काम माझ्याकडं होतं. प्रत्येक ढिगावर खडूनं लाकडाचं नाव लिहायचं. चाचा मराठी बोलायचे, पण वाचायचे उर्दू. मी काय लिहिलंय हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

माणसांनाही ते लाकडांची नावं द्यायचे. त्यांचा थोरला मुलगा आंबा. दिसायला भरघोस, पण भार दिला की वाकणारा. वखारीसमोरचा चहावाला शेवगा. मला बाभूळ म्हणायचे. एकदा मी विचारलं, "मी बाभूळ का हो?"

"ते कुऱ्हाडीला विचारा की," चाचा म्हणाले.

मला राग आला नाही. बाभूळ चांगलं लाकूड असतं. बैलगाडीच्या चाकाला लागतं.

चाचांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्यांनी निम्मी गिऱ्हाइकं घालवली. दार, खिडकी, खाट, छपराचे वासे, काहीही कुणीही येऊन न्यावं. पण स्वयंपाकघराचं लाकूड, मग ती मांडणी असो, फडताळ असो की हल्लीची कपाटं, ते वाटेल त्याला मिळायचं नाही. "ज्याचे हात पिठात, त्यानं यायचं," असं चाचांचं म्हणणं. पुरुष आला की आधी त्याचे तळहात बघायचे. मग म्हणायचे, "घरात कोण हाय? त्यांना घेऊन या."

"अवो चाचा, पैसे मी देणार की!"

"द्या की. लाकूड त्या बघतील."

काहीजण हसून जायचे आणि बायकोला आणायचे. बरेचसे जायचे ते जायचेच.

बाई आली की तिची परीक्षा सुरू. वखारीत एक जर्मलची परात आणि ज्वारीच्या पिठाचा डबा कायम असायचा. चाचा गड्यांना फळीवर फळी रचायला लावायचे, त्यावर परात ठेवायचे आणि त्या बाईला म्हणायचे, "मळा." चारचौघांत, करवतीच्या आवाजात, कोण मळेल? बायका लाजायच्या. मग चाचा ओरडायचे, "माना फिरवा रे!" गडी भिंतीकडं तोंड करायचे. चाचाही आपली खुर्ची वळवून भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि तसेच विचारायचे, "खांदा दुखतोय का? अजून एक फळी घालू?" बाई हो म्हणाली की मी फळी घालायची. कमी म्हणाली की काढायची. जिथं तिचा हात सुखानं चालेल, तेवढा ओटा आणि त्या मापानं वरची कपाटं. टेप त्यानंतर काढायची. मग लाकूड. चार फळ्या पुढं ठेवायचे आणि त्या बाईनं हात फिरवून, वास घेऊन एक उचलायची.

लोक त्यांना सर्किट म्हणायचे. मीही म्हणायचे, त्यांच्या तोंडावर.

ह्या नियमाचं कारण मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ईदला शिरखुर्मा प्यायला बोलावलं होतं, तेव्हा. चाची बुटक्या, माझ्याहूनही बुटक्या. चाचा ताडासारखे. चाचा तरुणपणी स्वतः सुतारकामही करायचे आणि लग्नानंतर त्यांनी चाचींसाठी सागवानाचं कपाट केलं. वर नक्षी, मोर, वेली, काय विचारू नका. मोठ्या हौसेनं केलं आणि उभं केलं. चाचींचा हात वरच्या दोन कप्प्यांना पोचेना. त्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभ्या राहून डाळ काढायच्या. मुलं झाली, मुलांची लग्नं ठरायला लागली, तरी डबा होताच. मग एकदा चाचांचा पाय मोडला आणि ते घरी खाटेवर पडून राहिले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो डबा ओढताना बघितला.

"पहिल्या दिवशी वाटलं, आजच काढला असंल," चाची सांगत होत्या. "दुसऱ्या दिवशी बी बघितलं. मग मला म्हणाले, बोलली का न्हाईस? मी म्हणलं, मेरेकू पूछा कौन?"

चाचा त्याच मोडक्या पायावर उठले आणि करवत घेऊन कपाटाचे चारी पाय कापले. घाईत एक पाय जास्त कापला गेला. मी गेले तेव्हाही ते कपाट डुलत होतं. चाची हसत होत्या. चाचा दारात उभे होते. ते हसले नाहीत. चाचींना म्हणाले, "एकदा हाक मारली असतीस तर काय झालं असतं?" आणि बाहेर निघून गेले.

आता ओकचं सांगते. पुढं पुढं मोबाईलवर बघून लोक ओक नावाचं परदेशी लाकूड मागायला यायला लागले. सोलापुरात ओक कुणी बघितलाय? पण वखारीत ओक होता. टॉवेलच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं. ते ज्या ठोकळ्यांवर बसवून आलं होतं, ते ठोकळे ट्रकवाल्यानं वखारीत आणून टाकले. बाकीचं हलकं लाकूड होतं, एक मात्र जड, लांब, दोन माणसांना न उचलणारा. कारखान्याचा फिटर म्हणाला, हा ओक. चाचांनी त्याचा एक तुकडा कापला आणि नाकाला लावला. मलाही दिला. ताकासारखा आंबूस वास येत होता.

"हे विकायचं न्हाय," चाचा म्हणाले.

"का?"

"मी ह्याचं झाड बघितलं न्हाय. ह्याचा स्वभाव मला माहीत न्हाय."

मी त्यावर खडूनं लिहिलं, ओक, विकायचा नाही. आणि दुपारची भाकरी खायला त्याच्यावरच बसायला लागले. उंची बरोबर होती. एकदा त्याच्यावर मी ओलं लोखंडी घमेलं ठेवून घरी गेले. सकाळी उचललं तर खाली काळंभोर वर्तुळ. घासलं, निघेना. मला वाटलं चाचा बोलणार. चाचा तर खूश. गड्यांना हाका मारून दाखवायला लागले. "बघा रे, लोखंड आन पाणी मिळालं की काळं पडतंय. कळला स्वभाव!" म्हणजे आता ओक स्वयंपाकघरासाठी कुणी सोन्यानं तोलून मागितला तरी चाचा देणार नव्हते. आपल्याकडं तवा लोखंडाचा, कढई लोखंडाची, विळी लोखंडाची. "चार महिन्यांत सगळं कपाट घमेल्यागत दिसंल," असं ते प्रत्येकाला सांगायचे.

तरी एक गिऱ्हाईक आलं. नवा बंगला, मोठी गाडी. त्याला ओकच हवा होता. चाचांनी त्याचे हात बघितले आणि बायकोला आणायला सांगितलं. तो चिडला, पण गाडीतच बायको बसली होती, तिला बोलावलं. चाचांनी तिच्यापुढं परात ठेवली.

ती म्हणाली, "आमच्याकडं स्वयंपाकाला बाई आहे."

"मग बाईला आणा."

ती इतकी लाल झाली की मी फावडं टाकून बघत राहिले. "म्हणजे माझ्या घरातलं लाकूड माझी स्वयंपाकीण ठरवणार?"

"रोज ओट्याशी कोण उभं राहतंय? तुमी का ती?"

"माझ्या घरात मी मालकीण आहे!"

"त्याला कोण नको म्हणतंय अम्मा? दिवाणखान्याचं लाकूड घ्या की. सोफ्याचं घ्या."

गाडी धूळ उडवत गेली. मी चाचांना म्हणाले, "तुमी एक दिवस ही वखार बुडवणार."

"बुडू दे. लाकूड तरंगतंय," चाचा म्हणाले.

हे सगळं मी इतकी वर्षं बघत होते, तेव्हा मनात एकच धरून होते. आपलं घर होईल, तेव्हा आपण इथं गिऱ्हाईक म्हणून यायचं. चाळीतल्या खोलीत माझी मांडणी पत्र्याची होती, तीही सासूची. सासू गेली तरी मी तिच्याच जागी तिच्याच मापानं वाकत राहिले. दुपारी वखारीत कुणी नसताना मी फळ्या रचून माझं माप काढून ठेवलं होतं. लाकूडही ठरवलं होतं. पुढून सागवान, पाठीमागं कडुलिंब, म्हणजे किडा लागत नाही. वरचा कप्पा माझ्या कपाळाच्या वर जाऊ द्यायचा नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलून काय होतं?

माझ्या मुलानं अक्कलकोट रोडला दोन खोल्या घेतल्या. स्वयंपाकघर मोकळंच होतं, कपाटं आपली आपण करायची. त्या दिवशी मी वखारीत गेले आणि फावडं उचललं नाही. सरळ खुर्चीपुढं उभी राहिले.

"आज गिऱ्हाईक म्हणून आलेय."

चाचा उठून उभे राहिले. गिऱ्हाइकाला सांगतात तसा चहा सांगितला. मला बसायला स्टूल दिलं. मग म्हणाले, "हात दाखवा."

मी दाखवले. माझी दोन्ही मनगटं फावड्यानं गेलेली. सुजतात, वळत नाहीत. चाचांनी ती बघितली.

"घरात भाकरी कोण थापतंय आता?"

"कोण म्हणजे?"

"खरं बोला बाई."

"सून थापते," मी म्हणाले. "पण घर माझं आहे."

"मग सुनेला घेऊन या."

मला आधी वाटलं थट्टा आहे. चाचा थट्टा करताना डोळे बारीक करायचे. डोळे बारीक नव्हते.

"इतकी वर्षं तुमचा भुसा गिळला," मी म्हणाले, "बायकांपुढं फळ्या रचल्या, काढल्या. आन माझ्या वेळंला तुमी मला हे सांगता?"

"दुसऱ्याला एक आन तुमाला एक, असं कसं करू? तुमीच सांगा."

"करायचं की! मी काय परकी हाय?"

"परकी नाही म्हणूनच न्हाय करत," चाचा म्हणाले.

चहा आला. मी तो तसाच ठेवून घरी गेले आणि वखारीत जायचं बंद केलं. चाचांनी चहावाल्या शेवग्याबरोबर निरोप पाठवला, भुसा करवतीला लागलाय. मी म्हणाले, लागू दे. मग निरोप आला, भुसा लोखंडी खुर्चीला लागलाय. तेव्हा गेले. भुसा भरला, पण चाचांशी बोलले नाही. त्यांची मान मात्र सारखी माझ्याकडं वळायची.

एका रविवारी सून वखारीत आली. मुलानं तिला चाचांचं म्हणणं सांगितलं होतं. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते, रविवारीच मोकळी असते. उंच आहे, खांद्यानं रुंद आहे आणि बोलायला माझ्याच वळणाची आहे. मला बघून तिनं पदरबिदर काही सावरला नाही. मोबाईल काढला आणि चाचांपुढं धरला.

"चाचा, मला हे पाहिजे."

मी लांबून बघितलं. प्लायवूड आणि त्यावर लाकडाच्या रंगाचं चकचकीत लॅमिनेट. दुकानवाल्यानं तिला सांगितलं होतं, ओक फिनिश.

मी मनात म्हणाले, आता बघ. चाचा हिला फाडून खाणार. प्लायवूडला ते लाकडाचा लगदा म्हणायचे. लॅमिनेटचं तर नाव काढलं की थुंकायचे.

"हे ओक न्हाय," चाचा म्हणाले. "हा ओकचा फोटो हाय."

"मला फोटोच पाहिजे," सून म्हणाली. "फोटोला तेल लावायला लागत न्हाय. वाळवी लागत न्हाय. मी संध्याकाळी येते, फडकं मारलं की झालं पाहिजे. लाकडाची उस्तवार कोण करणार? आत्या करणार आहेत का त्या हातांनी?"

आत्या म्हणजे मी. सून मला आत्या म्हणते.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम फावड्याकडं बघितलं. त्यांनी मोबाईल हातानं बाजूला सारला. मग म्हणाले, "परात आणा."

मी परात आणली. गड्यांच्या माना भिंतीकडं गेल्या, खुर्ची वळली. मी फळ्या रचल्या. माझ्या मापापाशी मी थांबले. सुनेनं मळून बघितलं आणि म्हणाली, "कंबर मोडतीय. वाढवा अजून." मी वाढवल्या. ती फळ्यांची चळत माझ्या छातीला आली. तिथं तिचे हात सुखानं चालायला लागले. पीठ असं मळलं की मलाही मान्य करावं लागलं.

"बरोबर हाय तिचं," चाचा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "तिचे हात, तिचं कपाट."

दुसऱ्या रविवारी हाच माणूस सुनेबरोबर प्लायवूडच्या दुकानात गेला. जन्मात पाय न टाकलेल्या दुकानात. प्रत्येक शीट बोटांनी ठोकून बघितली, त्यातल्या दोन बाजूला काढायला लावल्या, आतून पोकळ आहेत म्हणून. दुकानदारानं विचारलं, तुम्ही मुलीकडचे कोण? चाचा म्हणाले, "मी लाकडाकडचा." हे मला सुनेनं घरी येऊन सांगितलं आणि पोट धरून हसली.

मी हसले नाही. पण सोमवारी वखारीत गेले तेव्हा चाचांनी मला खुर्चीपुढं बोलावलं.

"आता तुमचं बघू. तुमी त्या स्वयंपाकघरात काय करता?"

"काय करणार? बसते."

"आणि?"

"लसूण सोलते. शेंगा फोडते. सुनेच्या चुका काढते."

"म्हणजे बसायचं काम हाय," चाचा म्हणाले. "मग बसायचं लाकूड निवडा. ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी निवडू शकत न्हाय."

सागवान समोर होतं. लिंब होता. मी त्या सगळ्यांच्या पुढं गेले आणि ओकच्या ठोकळ्यावर जाऊन बसले.

"हे."

चाचा डोकं खाजवायला लागले. "ते विकायचं न्हाय. तुमीच लिहिलंय म्हणं."

मी पदरानं खडू पुसला.

चाचांनी ते स्टूल स्वतः केलं. वय झालं होतं, त्यांचा मुलगा ओरडत होता, सुताराला द्या म्हणून. दिलं नाही. खिळा एकही मारला नाही, कारण लोखंडानं काळं पडतं. सगळ्या लाकडी खुंट्या. मला फळ्यांवर बसवून माझ्या पायांचं माप काढलं, तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून. घमेल्याचं काळं वर्तुळ तासून काढू का विचारलं. मी म्हणाले, राहू द्या, जागा ओळखीची आहे. स्टूल घेऊन ते रिक्षातून आमच्या घरी आले, फोटोच्या ओकसमोर खरा ओक ठेवला आणि सुनेच्या वरच्या कप्प्यांकडं मान वर करून बघत उभे राहिले.

"हे बसायला हाय," मला म्हणाले. "ह्याच्यावर चढायचं न्हाय. वरचं काय लागलं तर हाक मारायची."

"कुणाला?"

"जी उंच हाय तिला."

"बरं," मी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. जास्त आजारी नव्हते. त्यांच्या मुलानं करवत विकली आणि वखारीच्या जागी आता गाड्या लावतात. लोखंडी खुर्ची भंगारात गेली असेल. चाची मुलीकडं जेऊरला राहतात. ते डुलणारं कपाट बरोबर घेऊन गेल्या असं ऐकलं.

मी चाचांना बरं म्हणाले होते, पण ते काही पाळलं नाही. सून कामाला गेली की मी स्टुलावर चढायचे. वरच्या कप्प्यात तिनं मेथ्या, हिंग, ओवा असं रोज न लागणारं ठेवलेलं. मला ते लागतं, माझ्या पोटाला. स्टूल जरासुद्धा हलत नव्हतं. ते हललं असतं तर मी केव्हाच चढायचं थांबवलं असतं, म्हणजे यातही थोडी चूक चाचांचीच.

परवा रविवार होता. सून बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला ओवा हवा होता. सवयीनं स्टूल ओढलं, त्या काळ्या वर्तुळावर पाय ठेवला, आणि मला चाचींचा तेलाचा डबा आठवला. आत्ता चाचा असते तर खुर्ची वळवून बसले असते आणि भिंतीकडं तोंड करून दिवसभर मला बोल लावत राहिले असते. पाय खाली घेतला.

"अगं," मी हाक मारली.

सून आली. मी वरच्या ओव्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. तिनं टाचाही न उचलता डबा काढून दिला. मग स्टुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आत्या, तुमी रोज चढत होता व्हय ह्याच्यावर?"

मी ओवा तोंडात टाकला.

"आन मला का न्हाय सांगितलं? खालच्या कप्प्यात ठिवला असता की."

"मग आता ठेव," मी म्हणाले.